कानसेनांच्या घरचा फ्रिज

फ्रिज दुरुस्त करायला कुणाच्या घरात शिरले की ते आधी घर गप्प करायचे. पंखा बंद. टीव्ही बंद. नळ ठिबकत असेल तर खाली फडकं. मग घरच्या माणसांकडे वळून म्हणायचे, "आता तुम्हीपण." पिशवीतून लांब स्क्रूड्रायव्हर निघायचा. त्याचं टोक फ्रिजच्या मागे, कंप्रेसरच्या काळ्या पोटावर. मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडावर. डोळे मिटलेले.

कुणी मध्येच सांगू लागलं, की परवापासून असं असं होतंय, तर ते तळहात वर करायचे.

"तुम्ही नका सांगू. तो सांगेल."

थोड्या वेळाने डोळे उघडायचे आणि निकाल द्यायचे. निकालावर अपील नसे. सहसा लागतही नसे.

माझ्याकडेही ते असेच आले. त्यांच्या दुकानावरची खोली मी भाड्याने घेतली तेव्हा आधीच्या भाडेकरूने एक फ्रिज मागे सोडला होता. तो हुडहुडी भरल्यासारखा थरथरायचा. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "एक पाय तोकडा आहे, बाकी सुखी आहे." पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि पिशवी उचलली. तेव्हापासून मी चहाला खाली दुकानात जाऊ लागले. मी वाङ्मयाची पदवीधर. घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासते. ते मला पंडिता म्हणायचे. त्यांना सगळी गल्ली कानसेन म्हणायची. हे नाव समोरच्या सायकलवाल्याने ठेवलं होतं, चिडवायला. त्यांना ते आवडलं, त्यामुळे चिडवण्यातली मजा गेली आणि नाव राहिलं. मी मात्र काका म्हणायचे.

काकांना आपल्या कानाचा अभिमान होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे. एवढी पुस्तकं वाचून तुला फ्रिज कुरकुरतोय की कण्हतोय ते कळत नाही, असं ते मला म्हणायचे. मी विचारलं, फरक काय? ते म्हणाले, "कुरकुरणारा जगतो. कण्हणारा जातो."

त्यांचे आवाज ठरलेले होते. घरघर म्हणजे पंखा. फुसफुस म्हणजे गॅस गळतोय. आणि टक म्हणजे रिले. रिले ही काड्यापेटीएवढी डबी असते, कंप्रेसरच्या कुशीला खोचलेली. कंप्रेसरला सुरुवातीचा धक्का ती देते. ती बिघडली की कंप्रेसर नुसता घूं करतो, तापतो, सुरू होत नाही, आणि शेजारचं सुरक्षेचं बटण टक करून वीज तोडतं, निवल्यावर पुन्हा टक करून जोडतं. काकांचा नियम सोपा होता. टक ऐकू आली तर रिले बदला. टक नसेल तर रिलेला हातही लावू नका. दुसरे मेकॅनिक आधी डबी काढून बघतात, हे त्यांना कमीपणाचं वाटे.

त्यांची एकुलती एक लेक विमा कचेरीत कामाला होती. तिला मुलगा झाला. रजा संपली. तिच्या कचेरीशेजारी एक पाळणाघर होतं आणि तिने तिथे जागाही धरून ठेवली होती. तेव्हा काका तिला म्हणाले, की बाळ आमच्याकडे ठेव. सकाळी आई घरात असते. दुपारी आई शिवणाच्या कारखान्यात जाते तेव्हा मी दुकान बंद करीन. ताई मला नंतर म्हणाली, की बाबांनी आयुष्यात माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं. म्हणून ती हो म्हणाली. पण पाळणाघरातली जागा तिने सोडली नाही.

काकांनी दुकानाच्या दारावर पाटी लावली. "दुपारी बंद. नातू आहे." हा माणूस स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही सकाळी एक कंप्रेसर बसवून आला होता, असं काकू सांगतात. आता तो दुपारचा जेवायच्या वेळेला शटर ओढायचा आणि लगबगीने मागच्या घरात जायचा. सायकलवाला म्हणाला, नोकरी लागली वाटतं. काका म्हणाले, कायमची.

ताई सकाळी बाळ आणायची, आणि त्याच्यासोबत अंगावरचं काढून ठेवलेलं दूध. छोट्या बाटल्या, झाकणावर वार लिहिलेले. त्या काकांच्या फ्रिजमध्ये राहायच्या. फ्रिज जुना होता. काकांनीच कधी काळी भंगारातून उचलून उभा केलेला. त्यांच्या घरात तो इतकी वर्षं विनातक्रार चालत होता, की कुणी त्याच्याकडे पाहत नसे.

एका दुपारी बाळाने बाटलीवरून तोंड फिरवलं. काकांनी दूध हुंगलं. फ्रिज उघडला तर आत दिवा होता, गारवा नव्हता. त्यांनी तो भिंतीपासून ओढून मागे हात घातला, तोवर तो सुरू झाला होता. संध्याकाळी आत सगळं गारेगार. "खोडी आहे," काका म्हणाले. काळजीचा सूर नव्हता.

त्यांनी रीतीने सुरुवात केली. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. दाराचं रबर बदललं. दोन दिवस बरे गेले, मग दूध पुन्हा नासलं. मागची जाळी धुळीने घोंगडीसारखी झाली होती, ती ब्रशने झाडली. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. आत गार हवा जिथून येते त्या झरोक्यासमोर काकूंनी पातेली रचून ठेवली होती, ती हलवायला लावली. काकू म्हणाल्या, इतकी वर्षं माझी पातेली तिथेच होती आणि तुमच्या फ्रिजला आत्ताच बरी अडचण झाली. मग थर्मोस्टॅट बदलला. प्रत्येक उपायानंतर फ्रिज शहाण्यासारखा वागायचा. मग एखाद्या दुपारी पुन्हा कोमट.

काका रोज स्क्रूड्रायव्हर लावून ऐकायचे. ते ऐकताना घरात कुणी बोलत नसे. इतक्या वर्षांची सवय होती.

गल्लीला हे कळायला वेळ लागला नाही. सायकलवाला म्हणाला, दिव्याखाली अंधार. काका हसले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, वैद्याच्या घरी खोकला. काका हसले नाहीत. आपला चहा अर्धा ठेवून आत गेले.

ताई चिडली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं काकू मला म्हणाल्या. ताईने वडिलांना शांतपणे समजावलं, की हे दूध दुकानात मिळत नाही. कचेरीत त्यासाठी वेगळी खोली नाही. ती जुन्या फायलींच्या खोलीत दाराला खुर्ची लावून बसते, बाहेर कुणीतरी कडी हलवत असतं. एक बाटली भरायला जीव जातो. ती बाटली मोरीत ओतताना बघवत नाही. मग तिने विचारलं, नवा फ्रिज आणूया का, मी आणते.

काकांनी फ्रिजच्या दारावर तळहात टेकवला.

"माझ्या घरात विकतचा फ्रिज? मग दुकानावर बोर्ड कशाला?"

"बोर्ड राहू दे, बाबा. दूध राहत नाहीये."

शनिवारपर्यंत बघू, असं ठरलं. फ्रिज धड झाला तर बाळ इथेच. नाहीतर सोमवारपासून पाळणाघर.

काका शुक्रवारी मला भेटले तेव्हा त्यांचा निकाल लागला होता. कंप्रेसर जाम आहे. घूं करतो आणि बसतो. मी विचारलं, रिले नसेल ना? माझं रिलेबद्दलचं ज्ञान त्यांच्याच चहावर पोसलेलं होतं. ते म्हणाले, टक कुठे आहे? टक नाही, म्हणजे रिले शाबूत. आता नळी कापायची, कंप्रेसर उतरवायचा, दुसरा चढवायचा, गॅस भरायचा. फ्रिज कलता धरायला एक माणूस लागेल. उद्या ये.

शनिवारी काकूंच्या कारखान्याला सुट्टी होती, ताईच्या कचेरीला नव्हती. मी गेले तेव्हा स्वयंपाकघरात फ्रिज पाठ फिरवून उभा होता. काकू बाळाला खांद्यावर घेऊन ओट्याशी. काकांनी जमिनीवर फडकं अंथरून हत्यारं मांडली होती. नळी कापायची कातरी सगळ्यात पुढे. पण कापण्याआधी ते एकदा ऐकणार होते. शेवटचं.

पंखा बंद झाला. आम्ही गप्प झालो. काकांनी मूठ कानामागे टेकवली आणि डोळे मिटले.

टक, असं वाजलं.

बाळाने मान फिरवून फ्रिजकडे पाहिलं.

मग घूं. मग पुन्हा टक, आणि शांतता. बाळाने दोन्ही वेळा डोळे मिचकावले होते. काकांचा चेहरा तसाच होता, एकाग्र. मी काकूंकडे पाहिलं. काकू माझ्याकडेच पाहत होत्या.

काकांनी डोळे उघडले. "बघ. घूं झालं आणि बसला. संपला हा." त्यांनी कातरी उचलली.

"अहो," काकू म्हणाल्या.

काकांनी तळहात वर केला.

"अहो, टक वाजतंय."

"काय वाजतंय?"

"टक. आधी टक, मग घूं, मग परत टक."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते फ्रिजकडे वळले. कातरी हातातच राहिली. थोड्या वेळाने कंप्रेसर निवाला आणि ते सगळं पुन्हा झालं. या वेळी काका फ्रिज नाही, काकूंचा चेहरा पाहत होते. टक झाली तेव्हा काकूंनी बोट वर केलं. घूं संपल्यावर पुन्हा केलं.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"दूध नासायला लागलं तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला सांगायचं? टक वाजते म्हणून? मला वाटलं, तुम्ही रोज ऐकताय. तुमचं काहीतरी वेगळं चाललंय." त्या थांबल्या. "आणि तुम्ही बोलू कुठे देता?"

प्लग काढून काका खाली बसले. कंप्रेसरच्या कुशीतून त्यांनी ती डबी उपटून काढली. कंप्रेसरला हात लागला तेव्हा तो तापलेला होता, त्यांनी बोटं झटकली. डबीच्या आत एक गोल चकती असते. ती फुटली की डबी हलवून कळतं, तुकडे आत वाजतात. काकांनी ती उजव्या कानाशी नेऊन हलवली. मग डाव्या कानाशी. मग काकूंपुढे धरली. काकूंनी हलवली.

"खुळखुळ्यासारखी वाजतेय," त्या म्हणाल्या.

बाळाने ती घ्यायला हात पुढे केला.

नवी डबी दुकानात होती. मीच जाऊन आणली. ती खोचायला नळी कापावी लागली नाही, गॅस भरावा लागला नाही. फ्रिज एका दमात सुरू झाला आणि चालत राहिला. तो भिंतीशी ढकलून मी निघणार होते, पण काका म्हणाले, थांब. त्यांनी फळीवरचं गजराचं घड्याळ उतरवून माझ्या हातात दिलं. आतल्या खोलीत जाऊन वाजव, म्हणाले.

मी आत जाऊन गजर लावला. बाहेरून त्यांचा आवाज आला. "वाजतोय?" काकू म्हणाल्या, वाजतोय. मग ते मला म्हणाले, दार लाव. मी लावलं. दारातून पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. मग दार उघडं ठेवून, मग डावा कान दाबून, मग उजवा. ते क्रमाने तपासत होते. कागदाची पट्टी, जाळी, झरोका, तसंच. शेवटी घड्याळ हातात घेऊन त्यांनी ते कानाला लावलं.

"जवळून येतो," ते म्हणाले. निकालाच्या आवाजात. "म्हणजे अगदीच गेलेला नाही."

काकू ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. आणि तशाच उभ्या राहून त्यांनी मागच्या आठवड्यातली गोष्ट सांगितली. त्या कारखान्यातून लवकर सुटून आल्या होत्या. बाळ आतल्या खोलीत रडून रडून लाल झालं होतं. काका इथे, फ्रिजपाशी, कान लावून. काकूंनी बाळाला उचललं, शांत केलं आणि मनात म्हटलं, कामात बुडाले की यांना जगाचं भान राहत नाही.

"मी त्या दिवशी दोनदा जाऊन आलो आत," काका म्हणाले. "झोपला होता."

"तिसऱ्यांदा नव्हता झोपलेला."

फ्रिज चालू होता. मला त्याचा आवाज आता फार मोठा वाटत होता.

काकू हळू म्हणाल्या, की झालं ते झालं. फ्रिज नीट झालाय, पोरीशी तेवढंच ठरलं होतं. बाळाला दुपारी आतल्या खोलीत निजवायचं नाही, डोळ्यांसमोर निजवायचं. तिला कशाला सांगायचं? सांगितलं की सोमवारी पाळणाघर. त्या हे सांगत होत्या आणि बाळाची पाठ थोपटत होत्या. काकांनी हत्यारं पुसून पिशवीत भरली. एकेक, नेहमीपेक्षा सावकाश. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही.

संध्याकाळी ताई आली तेव्हा मी तिथेच होते. उठून जायला हवं होतं, पण कुणी जा म्हटलं नाही. ताईने पर्स ठेवली, फ्रिज उघडला आणि एक बाटली गालाला लावली. तिचा चेहरा सैल झाला.

"जिंकलात, बाबा," ती म्हणाली. "काय निघालं?"

"रिले." काकांनी घसा साफ केला. "मला टक ऐकू येत नाही. आई सांगेपर्यंत कळलं नाही. बारीक आवाज येतच नाहीत. बंद दाराआडून बाळ रडलं, तर तेही येत नाही."

काकूंनी डोळे मिटले. ताई बाटली हातात धरून उभी राहिली. फ्रिजचं दार उघडंच होतं. काकांनी हात लांब करून ते लावलं.

ती म्हणाली, ठीक आहे, जवळ निजवा, काही होत नाही. हे ती पटकन म्हणाली, आणि ते तिलाच पटलं नसावं. काका म्हणाले, मी दुपारी पेंगतो. डोळे मिटले की मग माझ्याकडे काही उरत नाही.

"सोमवारी पाळणाघरात ने," ते म्हणाले. "कान येईपर्यंत."

"कान कुठून येणार आहे?"

"मशिनचा. मागवीन म्हणतो. लोकांना सुटे भाग बदला म्हणून सांगतो इतकी वर्षं. आता माझी पाळी."

ताई हसली. मग तिने बाळाला घेतलं आणि त्याच्या डोक्यावर गाल टेकवून बराच वेळ तशीच उभी राहिली. कुणीही तिला, राहू दे, इथेच ठेव, असं म्हटलं नाही. काकूंनी सुद्धा नाही.

त्यानंतर काकांनी दुकानातले उतरवून ठेवलेले कंप्रेसर बाहेर काढले. त्यांनीच मेलेले ठरवलेले. प्रत्येकाला नवी रिले लावून ते वीज द्यायचे आणि हात ठेवून बसायचे. काकू कारखान्यात जाण्याआधी शेजारी उभ्या राहायच्या. बहुतेक खरोखरच मेलेले होते. दोन सुरू झाले. ज्यांचे ते होते, त्यांच्या घरी काका स्वतः ते घेऊन गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. सायकलवाल्याने त्यांना जड पिशवी घेऊन जाताना पाहिलं आणि विचारलं, काय, माहेरी पोचवताय? काका म्हणाले, हो, चुकून पळवून आणली होती.

कान अजून आलेला नाही. मोजमाप झालं आहे.

पाळणाघरात फ्रिज आहे, पण तो सगळ्यांचा. दिवसभर उघडझाप. काका जाऊन बघून आले. ऐकून नव्हे, आत हात घालून. परत येऊन त्यांनी थर्मोकोलचा एक डबा कापला, कडांना फ्रिजच्या दाराचं उरलेलं रबर चिकटवलं. बर्फाच्या पिशव्या ते आदल्या दिवशीच आपल्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात गोठायला ठेवतात. सकाळी कचेरीत जाताना ताई थांबते. बाळ काकूंकडे जातं. काका खाली पिशवी, मध्ये बाटल्या, वर पिशवी असा डबा भरतात. सगळीकडे अंगठ्याने दाबून बघतात, कुठे फट नको. ताईची घाई असते. ती घड्याळ बघते, काका बघत नाहीत.

परवा मी तिथे होते. डबा भरून झाला होता, पण काकांनी झाकण पुन्हा उघडलं आणि वरची पिशवी बदलून दुसरी ठेवली.

"ही जरा जास्त घट्ट आहे," ते म्हणाले.

"बाबा, बस जाईल."

"जाऊ दे. मागून दुसरी असते."

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग पर्स खाली ठेवली आणि स्टुलावर बसली. काकूंनी बाळाला काकांच्या मांडीवर दिलं. ते डब्याचं झाकण दाबून धरून बसले, एका हाताने झाकण, एका हाताने बाळ.